आमचे दोन तास परत करा

मु. पो. टोकियोचं आभाळ, उंची सुमारे 10 किलोमीटर

श्रीमान जेट स्ट्रीम ऊर्फ पूर्वेकडे धावणारा उंचावरचा वारा यांस,
स. न. वि. वि.

आपल्या हिवाळी कारभाराचं अभिनंदन करावं म्हणून हे पत्र. हात मारावा तर आपल्यासारखा! दिल्ली ते टोकियो अंतर साधारण 5,850 किलोमीटर. जाताना विमान साडेसात तासांत पोचतं. येताना साडेनऊ-दहा तास घेतं. आणि तिकिटावर याचा मागमूस नाही. जपानचं घड्याळ आमच्यापेक्षा साडेतीन तास पुढे, त्यामुळे कागदावर जाणं अकरा तासांचं दिसतं आणि येणं सहाचं. सकाळी अकराला उडालो, संध्याकाळी पाचला दिल्ली! खिसा कापला गेलाय हे गिऱ्हाइकाला कळतही नाही.

आम्हाला कळलं, कारण आम्ही समोरच्या पडद्यावरचे आकडे बघत होतो. जाताना याच आभाळात वेग ताशी हजाराच्या वर. परतताना साडेसहाशेच्या आसपास रखडलेला. टोकियोतल्या निशी-कासाईला मुलाकडे राहून परतणारे शेजारचे काका सारखे विचारत होते, "अजून समुद्रच का हो?" काय सांगणार? विमान आपल्या परीने जोर लावतच होतं, आपण छातीवर हात ठेवून त्याला मागे रेटत होतात.

"जाताना दिलं, येताना घेतलं, फिटंफाट," असं कृपया म्हणू नका. पाठीशी असता तेव्हा विमान तुमच्यातून लवकर निसटतं. आडवे येता तेव्हा जास्त वेळ अडकतं. म्हणजे दान थोडं, वसुली जास्त. बरं, साथीदारही तालेवार. हिमालय-तिबेट हिवाळ्यात तुमचे दोन फाटे करतात, ते पूर्वेला पुन्हा एक होतात, त्यात सायबेरियाची थंडी आणि दक्षिणेची ऊब यांची जुंपते आणि जपानवर तुम्ही कधीकधी ताशी 300 किलोमीटरच्याही वर सुटता.

तसे आपण जुने, सराईत. जपानी हवामानतज्ज्ञ ओइशी वासाबुरो यांनी तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून आपल्याला रंगेहाथ पकडलं होतं. पण 1926 मध्ये त्यांनी अहवाल छापला तो एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत! वाचणार कोण? आपण निर्धास्त. मग नोव्हेंबर 1944 मध्ये टोकियोवर आलेल्या अमेरिकी बी-29 विमानांचे बॉम्ब आपण भलतीकडे उडवलेत, आणि त्याच महिन्यात जपानी लष्कराचे बॉम्ब लटकवलेले फुगे पॅसिफिकपार अमेरिकेकडे वाहून नेऊ लागलात. कोणाच्या बाजूचे होतात, हे एकदा सांगून टाका.

उत्तर हिंदुस्थानातल्या गव्हाला हिवाळी पाऊस आपल्याच कृपेने मिळतो, म्हणून फिर्याद करत नाही. फक्त पुढच्या खेपेचं परतीचं तिकीट ऑगस्टचं काढलंय. तेव्हा आपण उत्तरेला सरकलेले असता, जोरही ओसरलेला असतो. ऐनवेळी मुक्काम वाढवू नका.

आपला,
खिडकीजवळचा प्रवासी

ता. क. काकांनी विचारलंय, तेवढ्या दोन तासांत जेवण तरी दुसऱ्यांदा मिळतं का?