आमचं खंडाळा वेगळं

लोणंदमध्ये कांद्याचा भाव आणि इंटरनेटचा प्लॅन या दोन विषयांवर सल्ला द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. कांद्याच्या बाबतीत मी गप्प बसतो, कारण समोरच्याला खरंच कळत असतं. इंटरनेटच्या बाबतीत मात्र माझ्याएवढा अधिकारी पुरुष नीरेच्या अलीकडे नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. गणिताचा मास्तर म्हणून निवृत्त झालो, तपासायला वह्या उरल्या नाहीत; तेव्हा लाल पेन घेऊन कंपन्यांची दरपत्रकं तपासायला बसलो. त्यासाठी दोनशे पानी वही घातली. रकाने आखले: वेग, मर्यादा, मर्यादा संपल्यावरचा वेग, राउटरचं डिपॉझिट, जीएसटी. दारावरून जाणारं कुणी नुसतं "सर, नेट कुठलं घेऊ?" म्हणालं की मी चष्मा पुसतो आणि खुर्ची पुढे सरकवतो. हल्ली बरेच जण आमच्या दारावरून जाताना कानाला मोबाइल लावून जातात. ते खरंच बोलत असतात का, याबद्दल मला शंका आहे.

वहीतलं माझं लाडकं पान ३३०० जीबीचं. जाहिरातीत ठळक अक्षरांत 'अनलिमिटेड', आणि खाली मुंगीला वाचता येईल अशा टायपात महिन्याला ३३०० जीबी. जिओ घ्या, एअरटेल घ्या, बीएसएनएलचा फायबर घ्या, बऱ्याच प्लॅनांत आकडा तोच. एकाच बाकावर बसून पेपर सोडवल्याची खूण मास्तरच्या नजरेतून सुटत नाही. आता हिशेब बघा. एचडी सिनेमा तासाला साधारण ३ जीबी खातो. तीस दिवसांच्या महिन्याचे तास ७२०. झोप, आंघोळ, गुरुवारचा बाजार, शेजाऱ्याची वास्तुशांत, सगळं सोडून माणूस अखंड सिनेमे बघत बसला तरी खर्च २१६० जीबी. म्हणजे मरेस्तोवर पाहूनही ११४० जीबी शिल्लक! हा हिशेब मी एका लग्नाच्या पंगतीत सांगितला. शेजारच्याने जिलबी अर्धवट टाकून हात धुतले.

पूर्वी मर्यादेला मर्यादेची लाज होती. २००४ च्या सरकारी धोरणानं २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं, आणि २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलचा डेटावन आला. दिवसा एकेक एमबी मोजून वापरायचा. पण त्यातल्या काही प्लॅनांत रात्री दोन ते सकाळी आठ मोकळं रान असे. गावातली हुशार पोरं दोनचा गजर लावून उठायची, डाउनलोड लावून परत झोपायची. आया शेजारणींना सांगायच्या, "पहाटे उठून अभ्यास करतो हो." पहिल्या तासाला डुलक्या घेणारी ही पोरं कशानं जागली होती, ते अख्ख्या शिक्षकखोलीला ठाऊक होतं. २०१६ साली ट्रायनं कंपन्यांना बजावलं, की मर्यादा संपली तरी वेग ५१२ केबीपीएसच्या खाली आणायचा नाही. म्हणजे पूर्वी जे सुख म्हणून विकत होते त्याच्या दुप्पट आता शिक्षा म्हणून मिळतं.

वेगाचंही तेच. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबी नव्हे. आठानं भागा, साडेबारा. मग भिंती, जुना राउटर, वरच्या मजल्यावरचा मुलगा. पैशाच्या बाजूला ७९९ वर अठरा टक्के लागले की ९४२ रुपये ८२ पैसे. कांद्याच्या पट्टीत हमाली, तोलाई, वाराई वजा होऊन शेतकऱ्याच्या हातात जे पडतं, तसलाच हा प्रकार. फरक एवढाच, की शेतकऱ्याला पट्टी तरी वाचता येते.

ग्राहकसेवेचा रकाना मी शेवटी ठेवला होता, कारण तिथं आकडे नसतात. तिथं आमचा भूगोल आडवा येतो.

आमचा तालुका खंडाळा. हे वाचून तुमच्या डोळ्यांपुढे धबधबा, धुकं आणि भाजलेलं कणीस आलं असेल, तर ते आधी बाजूला ठेवा. ते खंडाळा पुणे जिल्ह्यातलं, मावळातलं, बोरघाटाच्या माथ्यावरचं. आमचं सातारा जिल्ह्यातलं, खंबाटकी घाटाखालचं. त्यांच्या शेजारी लोणावळा, आमच्या तालुक्यात लोणंद. दोन्ही खंडाळे पुण्याच्या हमरस्त्यावर, दोन्हीकडे घाट, दोन्ही घाटांत ट्रक बंद पडलेला. हा विनोद देवानं केला की महसूल खात्यानं, ठाऊक नाही. १९९८ साली 'गुलाम' आला, आमिर खाननं त्यांचं खंडाळा गाण्यात घातलं आणि आमचं कायमचं मागे पडलं. आमच्याकडे नवरा बायकोला "चल, खंडाळ्याला जाऊ" म्हणाला तर ती लाजत नाही, आधार कार्ड शोधायला लागते. तहसील कचेरीचंच काम असणार.

तर एकदा आमचं कनेक्शन बंद पडलं. कंपनीचं नाव कशाला घ्या. बऱ्याच संगीतानंतर एक गोड आवाज आला.

"सर, लोकेशन खंडाळा ना?"

"तालुका खंडाळा. गाव लोणंद."

"ओके सर, लोणावळा."

"लोणंद! जिल्हा सातारा. पिन चार एक पाच पाच दोन एक."

"नोट केलंय सर. आणखी काही मदत करू शकते?"

दुसऱ्या दिवशी एका मुलाचा फोन. "सर, तुमच्या दारात उभाय. दार उघडा."

मी दार उघडलं. दारात शेजाऱ्यांची शेळी.

"बाळा, तुला समोर काय दिसतंय?"

"चिक्कीचं दुकान, सर."

आमच्याकडे लख्ख ऊन, आणि तो पोरगा तिकडं लोणावळ्याच्या पावसात शिडी घेऊन उभा. म्हटलं, "आधी आडोशाला जा, चहा पी." संध्याकाळी एसएमएस आला: ग्राहक घरी उपलब्ध नव्हते, सबब तक्रार बंद.

कायदा मला पाठ आहे. २०१२ चे नियम आहेत: आधी डॉकेट नंबर, समाधान नाही झालं तर तीस दिवसांत अपील, अपिलाचा निकाल ३९ दिवसांत. तेवढ्यात वखारीतल्या कांद्याला मोड येतात. राग येतो तो नेट बंद पडल्याचा नाही. वायर आहे, तुटणारच. राग येतो तो याचा, की आपण घरात असताना कुणीतरी दूर बसून आपल्याला घरात नाही असं लिहून टाकतं, आणि ते खोडायला समोर माणूसच नसतो.

पूर्वी तो असायचा. आमच्या आळीचा लाइनमन सायकलवर यायचा. कांद्याच्या उंच भरलेल्या ट्रकनं वायर ओढून नेली, की ट्रकवाल्याच्या वाटच्या शिव्या तोच खायचा. खांबावर चढून, कानाला फोन लावून त्याचं "हॅलो, टेस्टिंग" चालायचं. कुणाची जोडी कुठल्या बॉक्समध्ये कुठल्या स्क्रूखाली आहे, हे सगळं त्याच्या डोक्यात. कागदावर एक ओळ नाही. ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलच्या सुमारे साडेअठ्ठ्याहत्तर हजार लोकांनी एका दिवशी स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्यात तोही गेला. पेपरात वाचताना मी त्या आकड्याची टक्केवारी काढली. नंतर केव्हातरी लक्षात आलं, की त्याला आम्ही चहा नेहमी दारातच दिला, कधी आत बोलावलं नाही. या गोष्टीला वहीत रकाना नाही.

आता एक पोरगा आहे. मोटारसायकलला फायबरचं भेंडोळं, पाठीवर स्प्लायसिंगचं मशीन, पगार सांगताना आवाज उतरतो. पालखीच्या मुक्कामाला गाव माणसांनी फुगलेलं असतं, तेव्हाही हा गर्दीतून वाट काढत येतो. केस असतो तशी काचेची तार मशीनमध्ये धरतो, दोन टोकं जुळवतो, आणि "सर, बघा आलं का" म्हणतो. त्यानं आधीची कंपनी सोडली, तेव्हा आमच्या आळीतली निम्मी कनेक्शनं त्याच्या मागोमाग नव्या कंपनीत गेली. माझंही गेलं. नव्या कंपनीचे दर माझ्या वहीप्रमाणे महाग होते. ते पान मी कुणाला दाखवत नाही.

परवा एका अडत्याला नवं ऑफिस जोडायचं होतं. मी ३३०० जीबीपासून सुरुवात केली. तो म्हणाला, "सर, ते राहू द्या. ट्रकनं वायर तोडली तर येतं कोण?" मी वही मिटली आणि पोराचा नंबर दिला.

तर तोच पोरगा काल म्हणाला, "सर, मी सोलरचं काम शिकतोय. पुढच्या महिन्यात हे सोडणार."

मी रात्रभर बसून नवी वही आखली आहे. किलोवॅट, पॅनेलची वॉरंटी, सबसिडी, नेट मीटर. तीन किलोवॅट घ्यावं की पाच, याबद्दल कुणाला काही विचारायचं असेल, तर मी घरीच असतो.