अदलाबदलीचा हुकूमनामा

राजकारणाची आणि वृत्तमाध्यमांची यथेच्छ रेवडी उडविणारे दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रम हल्ली पूर्वीसारखे बोचरे का राहिले नाहीत, असा प्रश्न आमच्या बीड शहरात सुभाष रोडवरच्या चहाच्या टपरीपासून जिल्हा न्यायालयातील वकीलमंडळींच्या बैठकीपर्यंत अधूनमधून उपस्थित होतो. आणि त्याचे खापर कोणी वाहिन्यांच्या भित्रेपणावर, कोणी जाहिरातदारांच्या मर्जीवर, तर कोणी सदैव दुखावण्यास सिद्ध असलेल्या लोकभावनांवर फोडून मोकळे होतात. प्रस्तुत लेखकाचे मत किंचित निराळे आहे. विनोद कोठेही नाहीसा झालेला नाही. फक्त विदूषक आणि वृत्तनिवेदक या दोन जबाबदार अंमलदारांनी, वरिष्ठांचा कोणताही लेखी हुकूम नसताना, आपापल्या पदांचा कार्यभार एकमेकांच्या हवाली केला आहे.

मूळची वाटणी स्वच्छ होती. गोदावरीच्या पैलतीरावर पैठणास नाथमहाराजांनी भारुडात नाना सोंगे आणून पढिक ब्राह्मणापासून गावच्या पाटलापर्यंत सर्वांना आरसा दाखविला, तेव्हापासून सोंग घेणाऱ्याने खरे बोलावे आणि पदावर बसणाऱ्याने ते निमूटपणे ऐकून घ्यावे, असा या मुलखाचा अलिखित तहनामा होता. तमाशाच्या वगात राजाला राजासारखे बोलावे लागे, परंतु सोंगाड्याला राजाविषयी काहीही बोलण्याची सनद असे. १९६५ साली वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' रंगभूमीवर आले आणि दादा कोंडके यांनी त्यातल्या हवालदाराच्या तोंडी ताज्या राजकारणाचा समाचार घालून ही सनद शहरी नाट्यगृहांतही चालवून दाखविली. पुढे दूरदर्शनवर १९८९ मध्ये जसपाल भट्टी यांच्या 'फ्लॉप शो'ने सरकारी कचेऱ्यांची लक्तरे सभ्यपणे वेशीवर टांगली. आणि मराठी वाहिन्यांचे युग अवतरल्यावर 'घडलंय बिघडलंय' या कार्यक्रमातून मकरंद अनासपुरे यांची मराठवाडी बोली थेट मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत शिरली व तेथील मंडळींस, आपल्यावर राज्य करणारे लोक कसे बोलतात, याचा प्रथमच नीट परिचय झाला.

घोटाळा झाला तो यानंतर. २०१४ साली झी मराठीवर निलेश साबळे यांचे 'चला हवा येऊ द्या' सुरू झाले. थुकरटवाडी नावाच्या त्या काल्पनिक गावात हसविण्यासाठी जमलेल्या मंडळींत सागर कारंडे यांचा पोस्टमन शिरला आणि पत्रे वाचू लागला. ती पत्रे लिहीत होते आमच्याच जिल्ह्याचे अरविंद जगताप. दुष्काळ, कर्जबाजारी बाप, सासरी गेलेली लेक, अशा विषयांवरील ती पत्रे ऐकून, आपल्या चित्रपटाची जाहिरात करण्याच्या शुद्ध व्यापारी हेतूने आलेले नट-नट्या डोळ्यांना रुमाल लावू लागले. ज्या गोष्टी मुख्य बातमी म्हणून सायंकाळी सात वाजता सांगितल्या जावयाच्या, त्या रात्री साडेनऊनंतर, दोन विनोदांच्या मधल्या फटीतून सांगितल्या जाऊ लागल्या. इतक्यावरही भागले नाही. 'घडलंय बिघडलंय'च्या अनासपुरे यांनी नाना पाटेकर यांच्यासह २०१५ च्या दुष्काळात 'नाम' संस्था काढली आणि शेतकऱ्यांच्या विधवांना मदत, नाल्यांचे खोलीकरण असली, वास्तविक महसूल खात्याच्या दफ्तरी नोंदली जाणारी, कामे आरंभिली. फेब्रुवारी २०२० मध्ये बीडजवळ पालवण येथे सयाजी शिंदे आणि जगताप यांनी वृक्षसंमेलन भरविले व एका वडाच्या झाडास अध्यक्ष केले. अखिल मराठी संमेलनांच्या इतिहासात अध्यक्षाने भाषण न करता सावली दिल्याचे दुसरे उदाहरण निदान माझ्या वाचनात नाही.

विदूषक असे भलत्या उद्योगास लागल्यामुळे त्याची गादी रिकामी पडली, आणि रिकामी गादी फार काळ तशी राहिली, असे या जिल्ह्यात कधी घडलेले नाही. वृत्तवाहिन्यांनी ती तत्परतेने भरून काढली. एकाच पडद्यावर चौकटी पाडून त्यांत सहा-आठ विद्वानांना एकाच वेळी बोलावयास बसवावे, त्यांचे एकही वाक्य पुरे होऊ न देता उत्तर मात्र मागावे, पुढाऱ्याची मोटार बंगल्यातून निघाली की तिच्यामागे आपली मोटार पळवून 'सर्वांत आधी' ही अक्षरे थरथरवावीत, हे सारे एखाद्या निष्णात प्रहसनकाराच्याच प्रतिभेचे विलास होत. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यात मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि सारा जिल्हा सुन्न झाला. त्या वेळी गंभीर होण्याची पाळी खरोखर वृत्तनिवेदकांची होती. परंतु वहिवाट मोडवत नाही म्हणतात तेच खरे. शोकालाही पार्श्वसंगीत लागले, आणि आजवर बीड नकाशावर शोधावे लागणाऱ्या मंडळींनी संध्याकाळपर्यंत या जिल्ह्याच्या स्वभावाचे निदान करून टाकले. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन, बिऱ्हाड ट्रॅक्टरवर लादून, लक्षावधी माणसे येथून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे ऊस तोडावयास जातात, त्या ट्रॅक्टरमागे मात्र कोणा वाहिनीची मोटार पळाल्याचे स्मरत नाही.

विनोदी लेखकांच्या पोटावर दुसरा पाय दिला तो खुद्द राजकारणाने. अतिशयोक्ती हे उपहासाचे भांडवल. पण ज्या जिल्ह्यात वास्तव स्वतःच अतिशयोक्तीचा मक्ता घेऊन बसले आहे, तेथे लेखकाने भांडवल आणावे कोठून? २०१९ च्या विधानसभेत बीडला पुतण्याने काकांचा दोन हजारांहून कमी मतांनी पराभव केला. त्याच निवडणुकीत परळीत भावाने बहिणीला तीस हजारांवर मतांनी हरविले. आणि पाच वर्षे उलटण्याच्या आत, २०२४ च्या लोकसभेला, तोच भाऊ त्याच बहिणीसाठी मते मागत हिंडला, तर ती ६,५५३ मतांनी पडली. मधल्या काळात कोणता पक्ष कोणाचा, घड्याळ कोणाचे आणि तुतारी कोणाची, हे ठरविण्यास निवडणूक आयोग आणि सर्वोच्च न्यायालय कामाला लागले होते. अशा परिस्थितीत सोमवारी लिहिलेली संहिता गुरुवारी चित्रित होऊन पुढच्या आठवड्यात प्रक्षेपित होईपर्यंत तिच्यातला खलनायक मित्रपक्षात आलेला असतो. मग लेखकाने विनोद बदलावा की पक्ष?

सबब, आमचा जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली असल्यामुळे हुकुमाचा कागद निघाल्याखेरीज आम्हांस कोणतीच गोष्ट घडली असे वाटत नाही, हे ध्यानी घेऊन पुढील मसुदा सादर करीत आहे. कलम पहिले : रात्रीच्या वृत्तचर्चा यापुढे करमणूक सदरात वर्ग करण्यात याव्यात आणि त्यांस करमणूक कर लागू असल्यास तो थकबाकीसह वसूल व्हावा. कलम दुसरे : हास्य कार्यक्रमांच्या लेखकांस पैसेवारी, पीकविमा आणि टँकर या विषयांचे अधिकृत वार्ताहर समजण्यात यावे, ते हे काम आजवर विनावेतन करीत आले आहेत. कलम तिसरे : पक्षांतरास निघालेल्या प्रत्येक पुढाऱ्याने पंधरा दिवसांची आगाऊ नोटीस विनोदी लेखकांच्या संघास द्यावी, म्हणजे तयार माल वाया जाणार नाही. कलम चौथे : वृत्तचर्चेच्या सूत्रसंचालकाचे पद पालवणच्या वडास देण्यात यावे, तो कोणाचे बोलणे तोडीत नाही, ओरडत नाही, आणि मुळे जमिनीत असल्यामुळे रातोरात दुसऱ्या तंबूत जाऊन बसण्याची त्याच्याविषयी मुळीच धास्ती नाही.

राहता राहिला प्रेक्षक. बातम्या पाहून हसणे आणि विनोद पाहून रडणे अशी दोन्ही खात्यांची कामे तो कित्येक वर्षे एकटा सांभाळीत आहे, आणि दोन्हीकडचा मेहनताना त्याच्याच खिशातून जातो. त्याचीही एकदा बदली करावी, असा अर्ज आमच्याकडे आला होता. परंतु त्याच्या जागी रुजू व्हावयास दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्यातून कोणी राजी नसल्यामुळे, तो अर्ज पुढील निवडणुकीपर्यंत दफ्तरी दाखल करण्यात येत आहे.