टोकियो, क्विंटलच्या भावानं

टोकियोच्या शिबुया स्टेशनाबाहेर हाचिको नावाच्या कुत्र्याचा पुतळा आहे. मालक १९२५ साली कामावरच वारला. हा मात्र १९३५ मध्ये स्वतः मरेपर्यंत स्टेशनावर येऊन त्याची वाट बघत राहिला. पुतळ्यासोबत फोटो काढायला रांग असते. रांगेत अमेरिकन, चिनी, कोरियन आणि त्या दिवशी कामरगावचे आम्ही दोघं. आमच्या मुलानं गोष्ट सांगितली तेव्हा सौभाग्यवतींनी पदर डोळ्यांना लावला. मी विचारलं, मालक काय करायचा? मुलाला ते सांगता येईना. त्यानं फोनमध्ये बघून वाचून दाखवलं : हिदेसाबुरो उएनो, टोकियो विद्यापीठात शेतीचे प्राध्यापक. वावरातल्या पाण्याचा निचरा, बांधांची आखणी, जमिनीची फेररचना हा त्यांचा विषय. आता मला सांगा, ज्या माणसानं चिभडलेल्या वावरातून पाणी कसं काढावं हे अख्ख्या देशाला शिकवलं, त्याची आठवण उरली ती कुत्र्याचा मालक म्हणून! मी पुतळ्याला नाही, प्राध्यापकांना नमस्कार केला. मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, मागचे लोक थांबलेत.’’

टोकियो बघण्याच्या बाबतीत आमचं हे असं होतं. मुलगा तिथं संगणकाच्या कंपनीत आहे आणि निशिकासाईला राहतो. हा भाग एदोगावा वॉर्डात येतो. २००० सालाच्या आगेमागे संगणकवाले भारतीय तिथं इतके जमले, की लोक त्याला टोकियोतला छोटा भारत म्हणू लागले. २०१९ साली याच वॉर्डाच्या सभेवर आपले योगेंद्र पुराणिक निवडून गेले. इतकी आपली माणसं असल्यावर कढीपत्ता, तुरीची डाळ, पोह्यांची चिंता नाही. सूनबाईंनी आमच्यासाठी भिंतीवर वेळापत्रकच लावलं होतं : सोमवारी उएनोची बाग, मंगळवारी राजवाड्याचा परिसर, बुधवारी विश्रांती. विश्रांतीसुद्धा वेळापत्रकात लिहिलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

पण माणूस डोळे घरी ठेवून प्रवासाला जात नाही. आमच्या वाशीम जिल्ह्यात खरिपात सगळ्यांत जास्त पेरा सोयाबीनचा. जून लागला की बियाण्याची धावपळ, ऑक्टोबरात सोंगणी, मग गंजी, मग मळणी, कुटार एकीकडे आणि दाणा पोत्यात. पोत्यातून दाणा थेट बाजारात. तो आमच्या चुलीपर्यंत कधी येत नाही. येतं ते तेल, तेही पिशवीतून, दुकानदाराकडून विकत. पेंड कोंबड्यांना जाते. गावात कोणी सोयाबीनची भाजी केली, तर त्या घरी पैशांची अडचण आहे की डॉक्टरांनी सांगितलंय, एवढीच चौकशी होईल.

अशा घरातली बाई निशिकासाईच्या सुपरमार्केटात शिरली. मुलगा एकेका कप्प्यासमोर उभा राहून सांगत होता : आई, हा टोफू, सोयाबीनच्या दुधाचा. हा मऊ, हा कडक, हा तळलेला, हा गोठवून वाळवलेला. हे मिसो, सोयाबीन आंबवून केलेलं; लाल वेगळं, पांढरं वेगळं. हा शोयू, आपण सोया सॉस म्हणतो तो. हे दूध. ही युबा, त्या दुधावरची साय. हा ओकारा, टोफू केल्यावर उरलेला चोथा. गाजर-बिजर घालून त्याची भाजी करतात. चोथ्यापर्यंत आल्यावर तिला राहवलं नाही.

‘‘काहो, हे लोकं सोयाबीन खातेत?’’

‘‘खातात.’’

‘‘सोयाबीन काय खायाचं असते? ते तं इकाचं असते!’’

वऱ्हाडच्या कृषी अर्थशास्त्रावर याहून नेमकं वाक्य मी कुठल्या अहवालात वाचलेलं नाही.

मग नात्तोची डबी उघडली गेली. नात्तो म्हणजे उकडून आंबवलेलं आख्खं सोयाबीन. काडीनं घुसळलं की चिकट तारा सुटतात, आणि जितक्या जास्त तारा तितका तो चांगला. वास असा, की पावसात भिजलेली गंजी चार दिवसांनी उकरावी. तो वास नाकात शिरला आणि मला एकदम अडत आठवली, कारण या वासाचा माल आमच्याकडे व्यापारी दुरूनच नाकारतो. इथं त्याच वासाच्या तीन डब्या एकत्र बांधून विकायला ठेवल्या होत्या आणि घेणाऱ्यांची गर्दी होती. सूनबाईंनी भातावर घालून थोडा पुढे केला. सौभाग्यवतींनी हात जोडले. मी खाल्ला. वाईट नाही. पण त्या तारा मिशीत अडकतात, हे कोणी आधी सांगायला हवं होतं.

टोफूच्या पाकिटावर सोयाबीन कुठलं तेही छापलेलं होतं. मुलानं वाचलं : अमेरिका. जपानला लागणारं बहुतेक सोयाबीन बाहेरून येतं, अमेरिका, ब्राझील, कॅनडाकडून. आणि अमेरिकेनं नेलेलं काही बियाणं तर इथलंच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पेरी नावाचा अमेरिकन आरमारी अधिकारी तोफा घेऊन जपानचं दार ठोठावायला आला होता. १८५४ मध्ये त्याच्या मोहिमेनं परतताना बरोबर नेलेल्या वस्तूंत इथल्या सोयाबीनचं बियाणंही होतं. बियाणं नेणारे आज माल विकतात, आणि ज्यांचं बियाणं नेलं ते तो पैसे मोजून खातात. हे ऐकून मला का कोण जाणे, जरा बरं वाटलं. शेतमालाच्या धंद्यात फक्त आपलंच असं होतं असा माझा समज होता.

खरेदीचं म्हणाल तर मोठमोठ्या दुकानांत आम्ही हात मागे बांधून फिरलो. गिंझामध्ये एका खरबुजाची किंमत बघितली आणि फळाला हात लागू नये म्हणून मी दोन पावलं मागे सरलो. सौभाग्यवतींचा जीव रमला तो मात्र संध्याकाळच्या सुपरमार्केटात. तिथं भाव करायची सोय नाही. घासाघीस केली तर समोरची मुलगी वाकून माफी मागते, मग माणूस काय बोलणार? पण दिवस मावळला की एक कर्मचारी चिकटपट्ट्यांचं यंत्र घेऊन निघतो आणि संपत आलेल्या मालावर टकाटक सवलतीच्या पट्ट्या मारतो. आधी वीस टक्के, मग तीस, आणि शेवटी हांगाकु, म्हणजे निम्मा भाव. बायकांचा एक घोळका अंतर राखून, दुसरीकडेच बघतोय असं दाखवत त्याच्या मागे मागे सरकत असतो. तिसऱ्या दिवशी आमची त्या घोळक्यात होती. भाषा एका अक्षराची येत नव्हती, पण वीस टक्क्यांवर कोणी उचलत नाही, थांबायचं असतं, हे तिला कोणी सांगावं लागलं नाही. आठवडी बाजारात दिवेलागणीला भाजीवाल्या पाल आवरायला लागतात तेव्हा जायचं, हे शिक्षण इथं कामी आलं. एका जपानी आजीनं तिच्यासाठी टोफूचं निम्म्या भावाचं पाकीट धरून ठेवलं होतं. दोघी एकमेकींना बराच वेळ वाकून नमस्कार करत राहिल्या.

एक अडचण मात्र खरी. गळ्यात माळ असलेल्या माणसानं तिथं सोयाबीनच्या भरवशावरही राहू नये. मिसोचं सूप दिसतं वरणासारखं साधं, पण त्याचं पाणी बहुधा वाळवलेल्या मासळीचं असतं. त्याला दाशी म्हणतात. सूनबाई प्रत्येक उपाहारगृहात शिरण्याआधी दारात उभी राहून चौकशी करायची, आणि आम्ही थंडीत बाहेर. चौकशी लांबली की समजायचं, मासा निघाला.

एका दिवसाच्या सहलीला कामाकुराला गेलो. टोकियोहून रेल्वेनं तासाभराचा रस्ता. तिथला ब्राँझचा मोठा बुद्ध तेराव्या शतकातला. त्याच्या डोक्यावर पूर्वी मंदिर होतं, वादळांनी आणि पुढे समुद्राच्या लाटेनं ते गेलं. तेव्हापासून बुद्ध उघड्यावर बसून आहे. थोडे पैसे भरले की मूर्तीच्या पोटात शिरता येतं. कामाकुरातच केनचोजी हा १२५३ सालचा झेन मठ. केनचिन नावाचं भाज्या-टोफूचं सूप इथलंच असं सांगतात. म्हणे एका शिकाऊ भिक्षूच्या हातून टोफू जमिनीवर पडून फुटला, गुरूंनी तो टाकू दिला नाही, धुऊन सुपात घातला. गोष्ट खरी-खोटी देव जाणे, पण सौभाग्यवतींना जपानमधल्या सगळ्या साधुसंतांत हेच गुरू पटले.

कामाकुरातलं आमचं खरं देवस्थान निराळंच निघालं : झेनिआराई बेंतेन. बेंतेन म्हणजे आपली सरस्वती, बौद्ध धर्मासोबत चीनमार्गे तिकडे गेलेली. आपल्याकडे ती वीणा धरते, तिथं ती वाद्य सांभाळून पैशांचंही बघते. डोंगरातल्या बोगद्यातून आत गेलं की गुहेत झरा आहे. बांबूच्या टोपलीत पैसे ठेवायचे, ओगराळ्यानं त्यावर झऱ्याचं पाणी घालायचं. धुतलेला पैसा वाढतो अशी श्रद्धा. भलेभले सूटबूटवाले नोटा धूत होते आणि रुमालानं टिपत होते. मी एक नाणं टोपलीत ठेवलं. सौभाग्यवतींनी माझ्या पाकिटात हात घातला आणि सोयाबीनची हिशेबपट्टी बाहेर काढली. २०२४-२५ चा हमीभाव होता ४८९२ रुपये क्विंटल. पट्टीवरचा भाव चार हजाराच्या आसपास, त्यातून हमाली, तोलाई कापून. ती पट्टी कशी कोण जाणे, पाकिटातच राहिली होती.

‘‘हे धुवा,’’ ती म्हणाली. ‘‘वाढली तं हेच वाढाले पाह्यजे.’’

मुलगा आजूबाजूला बघू लागला. शाई फुटेल म्हणून मी नुसता एक थेंब शिंपडला. अजून काही वाढलेलं नाही.

सेत्सुबुनचा सण आम्हांला टोकियोत सापडला. हिवाळा सरण्याचा हा दिवस बहुधा ३ फेब्रुवारीला येतो, २०२५ साली तो २ तारखेला होता. या दिवशी भाजलेलं सोयाबीन फेकून घरातले राक्षस हाकलतात आणि सुख आत बोलावतात. मग आपलं वय असेल तितके दाणे खायचे. माझ्या वयाला आणि कवळीला हा हिशेब फार महागात पडला. असाकुसाच्या सेन्सोजी देवळात उंच मंचावरून पाहुणे गर्दीवर दाणे उधळत होते. तिथं म्हणे राक्षसांना ‘बाहेर व्हा’ म्हणतच नाहीत. तिथल्या देवतेपुढं राक्षस उरतातच कुठं? लोक हात वर करून, टोप्या उलट्या धरून दाणे झेलत होते. आणि माझ्या शेजारची बाई गायब. बघतो तर खाली वाकून ती पायांमधले दाणे वेचत होती. सरवा वेचायचा हात तो, त्याला फरशीही चालते.

परतीच्या बॅगेत सूनबाईंनी तऱ्हेतऱ्हेचं भरलं. किनाको म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, ते सौभाग्यवतींना आवडलं होतं. आणि वाटायला म्हणून सेत्सुबुनच्या भाजलेल्या दाण्यांची पाकिटं.

गावात चहाच्या टपरीवर मंडळी जमलीच होती. जपानहून काय आणलं म्हणताच मी पाकीट फोडलं. सगळ्यांनी दाणे हातावर घेऊन आधी उलटेपालटे करून बघितले, मग एकानं दातानं फोडून पाहिला.

‘‘मास्तर, हे सोयाबीन होय?’’

‘‘हो.’’

‘‘लेका, इमानानं जाऊन सोयाबीन आणलं! कितीले पडलं?’’

शंभर ग्रॅमला दोनशे येन, येनला साधारण छप्पन पैसे, असं मी सांगितलं. बाकावर हिशेब सुरू झाला. एकानं फोन काढला, दुसऱ्यानं बोटं मोजली, फोनवाल्याच्या आधी बोटंवाल्याचं उत्तर आलं : क्विंटलला एक लाख बारा हजार. टपरी क्षणभर गप्प झाली. मग कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यानं, ज्याचा माल त्या मोसमात बारा टक्क्यांच्या वर ओलावा म्हणून दोनदा परत घरी आला होता, चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, ‘‘अन् ओलावा किती धरतेत तिकडे?’’