पाठाला निरीक्षक नको

"अगं, काल मी गंगेवरून येत होते, तर तुझी लेक मालेगाव स्टँडपाशी रिक्षातून उतरली. तोंड एवढंसं! बी.एड.चा सराव पाठ होता ना?"

"काय सांगू काकू! सातवीचा वर्ग. प्रस्तावना झाली, हेतुकथनाला आली आणि सगळंच विसरली. मागच्या बाकावर मॅडम निरीक्षण वही उघडून बसलेल्या. आता म्हणते, मला शिकवायचंच नाही, बँकेची परीक्षा देते."

"एका पाठावरून? आणि मेंदूचा धडा शिकलीये ना ती?"

"शिकलीये तर! परवाच मला समजावत होती. दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराचा अमिग्डाला असतो म्हणे. भीती वाटली की तोच आधी बोंब मारतो. मग कपाळामागचा विचार करणारा भाग लुळा पडतो, आठवायचं ते आठवत नाही."

"मग काल तिचं तेच झालं की! ही काही शिकवायची नावड नव्हे. थोडी धडधड हवीच गं. यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ सालीच उंदरांवर प्रयोग करून सांगितलंय, काम अवघड असलं की फार धाक चालत नाही, बेताचाच लागतो. पण टाचणात बघ, उद्दिष्टं, साधनं, फलकलेखन, सगळ्याला रकाना. पोरीला वर्गात काय वाटलं, त्याला नाही. आमचं बी.एड. वर्षात उरकायचं, २०१५ पासून दोन वर्षं केलं, वीस आठवडे शाळेत धाडतात, तरी रकाने तेच!"

"पण काकू, धाक एकटा वहीचा नाही हो. पुढे टीईटीची परीक्षा, मग भरतीचं पवित्र पोर्टल, मग वाट बघा."

"ते मात्र खरं. त्यावर अमिग्डाला काय करणार बिचारा, तो सरकारचा प्रश्न! पण साने गुरुजी बघ. अंमळनेरला मास्तर होते, 'श्यामची आई' १९३३ साली लिहिली ती आपल्या नाशिकच्या तुरुंगात. त्यांना रडके म्हणणारे आजही भेटतात. म्हणोत बापडे. पोरं त्यांच्यावर जीव टाकायची, ती काय टाचण बघून?"

"सोमवारी पुन्हा पाठ आहे. अपूर्णांक."

"मग रविवारी पाठव इकडे. नातवाला आणि त्याच्या दोस्तांना ओट्यावर बसवते. मी मागे भाजी निवडत बसेन, वही नाही की पेन नाही."

"तुमचा नातू? तो एक मिनिट बसेल का काकू?"

"नाही बसणार. सातवीतली तरी कुठे बसतात?"