भावी नगरसेवकांचा फ्लेक्स

ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. ठाण्याच्या कोपरीतल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला मात्र ते कोणी कळवलेले दिसत नाही. तोच ऑर्कुटकाळातला गॉगल, तीच चमचम, मागे उसना सिंह, कानाला मोबाईल (पलीकडे बहुधा कोणी नसते) आणि कोरलड्रॉमधली सोनेरी, सावली पडलेली अक्षरे. खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. त्यांचा आकार वर्गणीवर ठरतो, असे जाणकार मानतात. मधोमध ‘भावी नगरसेवक’. २०१७ नंतर ठाणे महापालिकेची निवडणूक काही वर्षे रखडल्याने हे पद भलतेच टिकाऊ ठरले. फ्लेक्सही टिकाऊच, कारण कापडावर पीव्हीसीचा थर असतो. म्हणून तो पावसाळ्यात गळक्या पत्र्यांवर चढतो, साहेबांचा चेहरा खाली करून.