नागपूरच्या वॉरंटीवाल्या शेठजींना, गोंदियाहून

मा. शेठजी,


पत्रास कारण की, आपल्याकडून घेतलेल्या सेकंडहँड गाडीचा गिअरबॉक्स तिरोड्याच्या रस्त्यावर कायमचा गप्प झाला. गाडी वॉरंटीत असताना असे वागायला नको होते, हे मी तिला समजावून पाहिले.

आपले वॉरंटी कार्ड सवडीने वाचले. काय लेखणी आहे! दर्शनी पानावर ठळक अक्षरांत इंजिन आणि गिअरबॉक्सची वर्षभराची हमी. मागच्या पानावर मुंगीच्या अक्षरांत कळते की क्लच प्लेट म्हणजे झीज, ऑइल सील म्हणजे कन्झ्युमेबल, वायरिंग म्हणजे दैवी कोप आणि गिअरबॉक्स खोलून बघण्याची मजुरी म्हणजे गिऱ्हाइकाची हौस. थोडक्यात, गाडी हललीच नाही तर वॉरंटी पूर्ण लागू. आपल्या मेकॅनिकने तर चाकांचा चिखल पाहूनच जॉबकार्डावर ‘गैरवापर’ लिहून टाकले. धानाच्या रोवणीत बांधीपर्यंत जाऊनही चाक कोरडे ठेवायची विद्या आमच्या जिल्ह्यात अजून पोचलेली नाही.

फोनवर आपण म्हणालात, “आम्ही फक्त मधले, गाडी आधीच्या मालकाची.” हे वैराग्य पूर्वी शोभले असते. १ एप्रिल २०२३ पासूनच्या मोटार वाहन नियमांनुसार जुन्या गाड्या विकणाऱ्याला आरटीओचे प्राधिकारपत्र लागते. मालकाने गाडी अशा विक्रेत्याच्या ताब्यात दिल्याची नोंद पोर्टलवर झाली, की पुढची विक्री होईपर्यंत तो विक्रेताच मालक मानला जातो. आपण नोंद केली असेल तर आपण मालक होता. केली नसेल तर का केली नाही, हे आरटीओलाही ऐकायला आवडेल.

आता शोरूमवरची ती पाटी: ‘दोनशे मुद्द्यांची तपासणी’. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ म्हणतो की पुरेशा चाचणीवाचून दिलेली हमी ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि चाचणी केली होती असे म्हणायचे असेल, तर ते सिद्ध करायचे काम म्हणणाऱ्याचे. तेव्हा तो दोनशे टिकांचा कागद शोधून ठेवा. गिअरबॉक्स त्यात कितवा होता, एवढीच माझी जिज्ञासा.

कार्डाच्या शेवटी ‘सर्व वाद नागपूर न्यायकक्षेत’ असे आहे. गोंदियाचा माणूस खेटे घालून किती दिवसांत थकतो, याचा आपला अभ्यास दांडगा दिसतो. पण याच कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करायची मुभा दिली आहे. किंमत पाच लाखांच्या आत, म्हणून शुल्क नाही. वकील केलाच पाहिजे असेही नाही. तक्रारीला दोन वर्षांची मुदत. गरज पडल्यास आयोग मालाची तपासणी प्रयोगशाळेकडून करवून घेतो. चिखलावरून निदान तिथे चालत नाही. आपल्याला उत्तरासाठी ३० दिवस मिळतील, आयोगाची कृपा झाली तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी बजावले आहे. आपल्या ‘पुढच्या सोमवारी बघू’ या पंचांगात ही तिथी बसवून घ्या.

निकाल तीन ते पाच महिन्यांत लागावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात आणि आपली सगळी भिस्त त्याच्यावर आहे, हेही मला ठाऊक आहे. फरक इतकाच, की तारीख पडली तर मी घरून पायी जाईन. खेटे आता आपल्या वाट्याला.

तेव्हा पंधरा दिवसांत गिअरबॉक्स विनाखर्च दुरुस्त करून द्या आणि तसे लेखी कळवा. नाही जमले, तर गोंदियाला जरूर या. मात्र रेल्वेने या. आपल्या शोरूममधल्या गाडीवर एवढा विश्वास टाकू नका.

आपला,
वॉरंटीधारक