पांढरी पाच

वसईत पावसाळ्यात कोरडं असं काही उरत नाही. मिठाला पाणी सुटतं, दारं फुगून चौकटीशी भांडतात, आणि समुद्राकडून येणारा खारा वारा बिजागऱ्यांवर तांबूस मोहर धरवून जातो. अशा गावात राहून माझ्या घरातली एक वस्तू मात्र वाळून गेली, आणि तीही नेमकी सर्वांत महागड्या यंत्राच्या पोटात. तिचा पत्ता लागायला पेटी वाजवणारे मास्तर घरी यावे लागले.

यंत्र म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. परदेशी बनावटीचा, सेकंडहँड घेतलेला, तरी उचलायला दोन माणसं लागावीत असा. दर्शनी बाजूला एकच बटण. साधेपणाला किती पैसे पडतात ते त्याच्याकडे पाहून कळतं. गवयानं तान घेण्याआधी घेतलेला श्वासही यातून ऐकू येतो, अशी या जातीच्या यंत्रांची ख्याती, आणि ती खोटी नाही. फक्त अलीकडे त्या श्वासाच्याही आधी कुणीतरी सुरू झालेलं असायचं. घुंऽऽ. संथ, अखंड, बैठकीला सगळ्यांच्या आधी येऊन भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्या रसिकासारखं.

लहानपणी आमच्याकडे व्हॉल्व्हचा रेडिओ होता. बटण फिरवलं की तो आधी तापायचा, मग डोळे चोळत बोलू लागायचा. ‘मुंबई ब’वरचे अभंग अशाच एका घुंवर तरंगत घरात यायचे, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. फारच झालं तर वडील रेडिओच्या कुशीवर एक थाप मारत. रेडिओही ती आपल्या माणसाची म्हणून मानून घेई. तेव्हाचे कान गरीब होते असं नाही. ते गाण्याकडे लागलेले असत. घुं ऐकायला जे निवांतपण लागतं, ते बहुधा पैसे मोजल्यावरच येतं.

सीडी प्लेअरची केबल काढून पाहिली, घुं जागच्या जागी. म्हणजे दुखणं आतलं. झाकण उघडल्यावर संशय घ्यावा अशा दोनच बड्या असामी दिसल्या: एक गोल, गलेलठ्ठ ट्रान्सफॉर्मर आणि शेजारी दंतमंजनाच्या डब्यांएवढे चार कपॅसिटर, प्रत्येकी १०,००० मायक्रोफॅरडचे. घरात येणारी वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकत्व झिरपून तारांत शिरलं, तर घुं ५०चा येतो. पण डायोडमधून जाताना खाली जाणारा प्रत्येक हेलकावा उलटून वर येतो, संख्या दुप्पट होते, आणि त्या १०० लाटा सपाट करण्याची नोकरी कपॅसिटरांची. ते थकले की घुं १००चा. कागदावर फरक लख्ख. माझ्या कानाला दोन्ही घुंच.

मास्तर राहतात गासला, आणि चर्चच्या गायकवृंदाला पेटीवर साथ करतात. आले होते वेगळ्याच कामासाठी. चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, “अहो, ही पांढरी पाच धरून कोण बसलंय?” मी घाईघाईनं विचारलं, वरची की त्याखालच्या सप्तकातली? त्यांनी उत्तर न देता पेटी आणवली, डाव्या टोकाकडची पट्टी दाबली आणि भाता हलवत डोळे मिटले. “ही. पण जराशी चढी आहे.” तिथली पांढरी पाच म्हणजे ९८. जराशी चढी म्हणजे १००. कपॅसिटर सापडले.

त्यांच्या पोटात ओलसर कागदाची गुंडाळी असते. उष्णतेनं ती ओल उडत जाते; दर १० अंशांना आयुष्य अर्धं, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. बाहेर वसई चिंब, आत हे चौघे तहानलेले. नवे आणायला लॅमिंग्टन रोडला गेलो, तर दुकानदारानं शांतपणे विचारलं, “ओरिजिनल देऊ की चांगला?” मी चांगला घेतला.

दुरुस्त यंत्र एकदम विजेवर लावायचं नसतं. आधी सिरीजमध्ये तारेचा जुना पिवळा बल्ब जोडतात. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगत राहतो, नसेल तर क्षणभर उजळून मंदावतो. एलईडी या कामाचा नाही, आणि आता दुकानात तोच मिळतो. शेवटी मास्तरांनी नाताळच्या गोठ्यासाठी जपलेला १०० वॅटचा बल्ब आणून दिला. तो उजळला, मंदावला. रिले टक् करून लागला. स्पीकरमधून काहीही आलं नाही, आणि आम्ही त्या काहीही-न-येण्याकडे कौतुकानं पाहत राहिलो.

मास्तरांना मात्र वेगळंच कोडं पडलं होतं. “ही पट्टी लावली कुणी?”

खरं तर सगळ्या देशानं. तारापूरचं जनित्र, कोयनेचं, कुठल्या कुठली जनित्रं एकाच लयीत बांधलेली असतात. मागणी वाढली की सूर किंचित उतरतो, घटली की चढतो, ४९.९० ते ५०.०५ एवढीच मोकळीक, म्हणजे श्रुतीच्याही आतली. दक्षिणेची पट्टी तेवढी पूर्वी निराळी होती. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर–सोलापूर वाहिनीनं ती उरलेल्या देशाशी जुळवली. त्यापूर्वी बेळगावचे पंखे आणि कोल्हापूरचे पंखे वेगवेगळ्या सुरांत फिरत होते. सीमाप्रश्नात एवढी एक गोष्ट मिटली, आणि तिची मिरवणूक कुणी काढली नाही.

मास्तर खूश झाले. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा देवळांसाठी गेल्या; नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच. “म्हणजे घंटा आमच्या नाशिकला,” मास्तर म्हणाले, “आणि सूर आला सोलापूरहून. हिशेब चुकता.”

अ‍ॅम्प्लिफायर गप्प झाल्यावर बाकीचं घर ऐकू येऊ लागलं. फ्रिज, पांढरी पाच. कोपऱ्यावरची डीपी, पांढरी पाच. सौभाग्यवती म्हणाल्या, आता मिक्सरही तपासून घ्या. एवढ्यात वीज गेली, आणि बिल्डिंगभर इन्व्हर्टर सुरू झाले. देशाशी नातं तुटलेले, जो तो आपल्या सुरात. आमचा वरच्या मजल्यावरच्याशी जुळेना. दोघांच्या मधोमध एक लाट येरझाऱ्या घालू लागली. मास्तरांच्या कपाळावर आठी चढली. मेणबत्ती घेऊन ते आमच्या इन्व्हर्टरपाशी वाकले, सगळीकडून चाचपून पाहिलं आणि विचारलं, “याची खुंटी कुठे असते हो?”